पहिला खाली, दुसरा वर

ऋषिराज: काहीही म्हणा तात्या, पण अँबॅसिडरला म्हैस म्हणू नका. आमचे आजोबा वरून चप्पल फेकतील.

म्हस्कू: मी कुठं म्हणतोय? ह्या माधवीताईंचं वडील म्हणायचे, दादासाहेब. मी आपला मिस्त्री माणूस. मला समद्या गाड्या सारख्या.

माधवी: खोटं बोलू नका तात्या. मारुती नवी आली तेव्हा आमच्या वालचंदनगरच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून तुम्ही तिला शिव्या घालत होता. मी खिडकीतून ऐकलंय.

म्हस्कू: तिची गोष्ट येगळी. तिनं आमच्या पोटावर पाय दिला. बॉनेट उघडायचं कामच पडंना. फियाट कशी, म्हयन्यातनं दोन बारी तरी दारात यायचीच. मग चहा व्हायचा, चार घरच्या गोष्टी व्हायच्या. मारुतीवाला वरसातनं येकदा येणार, तेबी घड्याळ बघत.

ऋषिराज: म्हणजे जी बिघडते ती गाडी चांगली.

म्हस्कू: बिघडली तर जिचं दुखणं कळतंय, ती चांगली. आताच्या गाडीला कंप्युटर लावल्याबिगर ती तोंड उघडत न्हाय. ह्या फियाटला नुसता कान लावायचा.

ऋषिराज: आमच्या अँबॅसिडरला कानसुद्धा लावायला नको. ती सोमेश्वरनगरला सुरू झाली की बारामतीत कळतं. पण ताई, तिच्यासारखी मागची सीट परत झाली नाही. आजोबा आणि त्यांचे मित्र कुणाच्याही लग्नाला निघाले की सहा धोतरं आणि सहा फेटे आरामात बसायचे. एकदा तर मी अकरा माणसं उतरताना मोजलीत. अकरावे खाली उतरून पानाचा डबा शोधायला परत आत शिरले.

माधवी: मला अँबॅसिडर आवडायची.

म्हस्कू: तुमाला? दादासाहेबांच्या लेकीला?

माधवी: घरी कधी बोलले नाही. आमच्या शेजारी सोपानराव होते, कारखान्याच्या स्टोअरला, त्यांच्याकडे काळी अँबॅसिडर होती. सुट्टीत त्यांच्या प्रतीक्षाबरोबर मी मागच्या सीटवर पाय पसरून दुपारभर वाचत पडायची. फियाटमध्ये गुडघे पुस्तकाला लागायचे.

म्हस्कू: साहेबास्नी कळलं असतं तर जेवले नसते त्या दिशी.

ऋषिराज: एवढं वैर होतं?

माधवी: वैर नव्हतं. रोज संध्याकाळी दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहायचे. सोपानराव म्हणायचे, दादासाहेब, तुमची काडेपेटी धुतली का आज? दादा म्हणायचे, धुतली, तुमच्या म्हशीला वैरण घातली का? मग अर्धा तास मायलेज, दिवे घाट, कोणाचं पाणी आधी उकळतं. शेवटी आई हाक मारायची. दोघांनी एकमेकांच्या गाडीत कधी पाऊल ठेवलं नाही. सोपानराव वारले तेव्हा मात्र दादा त्या अँबॅसिडरला हात लावून उभे होते, बराच वेळ.

ऋषिराज: आमच्याकडं अँबॅसिडर आहे, जीप आहे. मागच्या वर्षी कॉन्टेसा घेतली. दिसायला राणी, पण पेट्रोलपंप दिसला की आपोआप वळते. चांगली ओरिजिनल फियाट तेवढी राहिलीय. ताई, तुम्हाला विकायचीच आहे ना? नाहीतर मी उगीच जीव लावून बसेन.

माधवी: विकायचीच आहे. दादा जाऊन तीन महिने झाले. रिटायर झाल्यावर ते राहायचे ते कऱ्हाटीच्या मळ्यातलं घर बंद आहे, मी पुण्यात. गोठ्यात पडून सडण्यापेक्षा जपणाऱ्याकडे गेलेली बरी.

ऋषिराज: मग ट्रायल घेऊ का? किल्ली द्या तात्या.

म्हस्कू: ट्रायल मी देतो. तुमी शेजारी बसून ऐका, म्हंजे इंजिनकडं ध्यान ऱ्हाईल.

ऋषिराज: मला चालवूनच बघायचीय. हँड गिअरची, स्टिअरिंगजवळच्या दांडीची सवय आहे मला, घाबरू नका.

म्हस्कू: घाबरत न्हाय. हिला जरा खोड हाय, म्हणून म्हणलं.

ऋषिराज: कसली खोड?

म्हस्कू: म्हातारी हाय. म्हाताऱ्याला खोड असायचीच.

माधवी: द्या ना तात्या. गाडी तुमच्या गॅरेजात येऊन तीन आठवडे झाले, प्लग, बॅटरी, कार्बोरेटर, दर वेळी तुमचं काहीतरी राहिलेलंच आहे. आज ऋषिराज मुद्दाम आलेत.

म्हस्कू: घ्या. हळू जावा.

माधवी: बंद पडली.

म्हस्कू: थंड हाय. लई दिस उभी हुती.

माधवी: परत पडली. त्यांना जुन्या गाड्यांची सवय आहे म्हणाले ना?

म्हस्कू: हाय की.

माधवी: मग माझ्यासारखं काय होतंय त्यांचं? ही तिसऱ्यांदा.

म्हस्कू: चहा सांगू का तुमाला?

माधवी: आत्ताच घेतला आपण.

म्हस्कू: निघाली बगा. निघाली. वळली इंदापूर रस्त्याला.

(ऋषिराज थोड्या वेळानं चक्कर मारून परत येतो.)

ऋषिराज: तात्या, खोड आहे म्हणाला, ही खोड आहे होय? हिचा गिअर उलटा आहे.

म्हस्कू: उलटा म्हंजे, जरा येगळा हाय.

ऋषिराज: वेगळा नाही, उलटा. पहिला वर असतो, हिचा खाली आहे. दुसरा खाली असतो, तो वर. मी पहिला म्हणून दुसरा टाकत होतो, ती उचलणार कशी? तिसरा-चौथाही तसाच. नशीब माझं, अंगणातच डोक्यात आलं. बाकी गाडी मात्र, ताई, काय बोलावं. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतंय. फक्त ही खालची लिव्हर कुणीतरी अडाण्यानं उलटी बसवलीय. सरळ करायला किती वेळ लागेल तात्या?

म्हस्कू: अर्धा तास.

ऋषिराज: मग करून टाका. आजच व्यवहार पुरा करू.

माधवी: थांबा. मला नीट सांगा. पहिला वर असतो?

ऋषिराज: हो. दांडी आपल्याकडं ओढायची आणि वर.

माधवी: सगळ्या फियाटना?

ऋषिराज: सगळ्या. पिढ्यान्‌पिढ्या लोक तसेच शिकलेत.

माधवी: मीही तशीच शिकले होते. पुण्यात, क्लासची गाडी फियाटच होती. ओढायची आणि वर. तात्या, ही उलटी कधीपासून आहे?

म्हस्कू: लई वरसं झाली.

माधवी: किती?

म्हस्कू: अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्यापास्नं.

माधवी: अठ्ठ्याऐंशी. नक्की?

म्हस्कू: खंडेनवमीला हत्यारांसंगं गाडीची पूजा असती, हार घालायचा हुता, म्हणून आदल्या दिशी घाईनं बसवली. ध्यानात हाय माझ्या.

माधवी: ऋषिराज, तुम्ही समोर चहा सांगाल का? आणि थोडा वेळ तिथंच बसाल का?

ऋषिराज: बसतो. माझं काही चुकलं का?

माधवी: नाही. तुमचं काहीच नाही.

म्हस्कू: त्यांच्यावर कशाला रागावता.

माधवी: त्यांच्यावर नाही. तात्या, एक्क्याण्णव सालची मे महिन्याची सुट्टी. तुम्ही होता तिथं.

म्हस्कू: हुतो. पंक्चर काढल्यालं चाक बसवायला आलो हुतो.

माधवी: मी एकोणीस वर्षांची होते. नवीन लायसन घेऊन आले होते. दादांना म्हटलं, मला एकदा चालवू द्या. ते नको नको म्हणत होते. आईनं भरीला घातलं. मी बसले, दादा शेजारी, आणि गाडी चार वेळा बंद पडली. चौथ्यांदा असा हिसका बसला की दादांचं कपाळ काचेला लागलं. क्वार्टर्सच्या लाइनीतली सगळी पोरं हसत होती. दादा काय म्हणाले आठवतं?

म्हस्कू: आठवतं.

माधवी: सांगा.

म्हस्कू: आता कशाला ते.

माधवी: "उतर. तुला गाडीचा हात नाही." मी उतरले. म्हणजे त्यांना माहीत होतं की मी बरोबर करतेय.

म्हस्कू: व्हय.

माधवी: तुम्हालाही.

म्हस्कू: मला बी.

माधवी: बसा तात्या. उभं राहून नका बोलू. पण सगळं सांगा.

म्हस्कू: काय सांगू. गिअरची खालची लिव्हर झिजली हुती. नवी पुण्याला मिळायची. साहेब म्हणले, एवढ्याशा लोखंडासाठी पुण्याला जायचं? मग माझा हात कशाला हाय? त्यांचा हात म्हंजे तुमाला ठावंच हाय. मशिन शॉपला केसाचं माप चुकलं तरी माल परत पाठवायचे. कळंबच्या लेथवाल्याकडं बसून सोता लिव्हर केली. पॉलिश अशी की तोंड दिसावं. बसवली मी. गाडी चालू केली तर पहिला पडला खाली.

माधवी: कसा काय?

म्हस्कू: गाडीखाली उताणं पडून माप घेतलं त्यांनी. कागूद छातीवर. खालनं दिसंल तसं काढलं. आन मग टेबलावर बसून तोच कागूद वरनं बघितल्यागत वाचला. डाव्याचं उजवं झालं, वरचं खाली. जल्मभर पोरांस्नी ड्रॉइंग वाचायला शिकवलेला माणूस. म्हंजे असं नवशिक्यानं केलं असतं तर दोन थपडा खाल्ल्या असत्या त्यानं.

माधवी: मग तेव्हाच सरळ का नाही केली?

म्हस्कू: मी हसलो की. बावीस वरसाचं पोरगं, अक्कल किती. पोट धरून हसलो. साहेबांचं तोंड असं झालं. म्हणले, आत चल. देवघरात नेलं आन बेलभंडारा उचलायला लावला. खंडोबाची आन, हे कुणाला म्हंजे कुणाला कळता कामा न्हाय.

माधवी: एका गिअरसाठी भंडारा उचलला?

म्हस्कू: उचलला. आमी धनगर माणसं, भंडारा उचलल्यावर मग संपलंच. मी म्हणलं, साहेब, आता लगेच पालटतो, कुणी बघायचं न्हाय. तर भाईर सोपानराव कुंपणाला उभं. गाडी परत जॅकवर चढवली असती तर ते इचारणार, काय हो दादासाहेब, घरचा पार्ट जमला न्हाय वाटतं? म्हणून साहेब म्हणले, राहू दे. मला असाच पाहिजे. आन दारातनं गाडी काढली, पहिला खाली टाकून, जशी काय जल्मापास्नं तशीच चालवतायत.

माधवी: आणि मग छत्तीस वर्षं तशीच चालवली.

म्हस्कू: सवय पडली त्यास्नी. नंतर सरळ गाडी त्यांच्याच्यानं चालली नसती.

माधवी: आईलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं?

म्हस्कू: बाईस्नी कुठलं ठाव. त्या गाडीत बसल्या की डोळं मिटून घ्यायच्या.

माधवी: सगळे म्हणायचे, दादासाहेब गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत, केवढा जीव आहे. त्यांच्या भावाला दिली नाही, जावयाला दिली नाही. मीसुद्धा लोकांना हेच कौतुकानं सांगत आले.

म्हस्कू: जीव बी हुता.

माधवी: असेल. त्या दिवशी मेमध्ये सोपानराव कुठं होते?

म्हस्कू: कुंपणालाच.

माधवी: म्हणजे दादांनी मला नुसतं म्हटलं असतं, माधवी, हिचा पहिला खाली आहे...

म्हस्कू: तर त्यांनी ऐकलं असतं.

माधवी: त्यापेक्षा मला हात नाही हे सांगणं सोपं होतं.

म्हस्कू: साहेब त्या दिशी जेवले न्हाईत, माधवीताई. मी हुतो तितं.

माधवी: मी जेवले. मला वाटलं, खरंच असेल. दादा मापात कधी चुकत नाहीत, हे त्यांच्या शॉपमधल्या लोकांकडून लहानपणापासून ऐकत होते. मग माझ्याबद्दलचं तरी कसं चुकेल?

म्हस्कू: मला वाटलं, गाडीच तर हाय. पुण्याला दुसरी चालवाल. शिकलेली हायसा तुमी.

माधवी: नाही चालवली.

म्हस्कू: दुसरी बी?

माधवी: कुठलीच नाही. लायसनला त्यानंतर हात लावला नाही. लग्नानंतर घरात दोन गाड्या झाल्या, मी शेजारच्या सीटवर. लायब्ररीत जायला बस, नाहीतर रिक्षा. पुण्यातल्या दोन-तीन रिक्षावाल्यांचे संसार मी चालवले असतील. कोणी शिकवतो म्हटलं की मी म्हणायची, मला गाडीचा हात नाही. दादांचंच वाक्य. त्यांच्याच चालीत म्हणायची.

म्हस्कू: हे मला ठाव नव्हतं. खंडोबाशपथ ठाव नव्हतं.

माधवी: तुम्हाला जानेवारीतलं तरी माहीत आहे का?

म्हस्कू: दवाखान्यात न्यायला येळ झाला, एवढंच कानावर आलं.

माधवी: रविवार होता. मी शनिवारीच आले होते. सकाळी नऊला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मळ्यात कोणी नव्हतं, शेजारच्या सारजाकाकूंच्या घरची सगळी लग्नाला गेलेली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, ते निघालेही लगेच, पण रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. येतो, येतो म्हणत पाऊण तास गेला. आणि ही गाडी दारात उभी होती, तात्या. आदल्या दिवशीच दादांनी पुसलेली. किल्ली खुंटीला. मी किल्ली काढली. गाडीपर्यंत गेले. दार उघडलं. पडवीतल्या कॉटवरून दादा बघत होते. म्हणाले, नको. थांबू आपण.

म्हस्कू: असं म्हणले?

माधवी: एवढंच. मी दार लावलं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले. डॉक्टरांना नंतर विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते चांगले होते बिचारे. म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून मी रोज त्या दारापाशी उभी आहे. हात नसलेली बाई, किल्ली हातात घेऊन.

म्हस्कू: ताई.

माधवी: मला सांगा. त्या सकाळी मी बसले असते, तर काय झालं असतं?

म्हस्कू: बंद पडली असती. तुमी वर टाकला असता. चार बारी, पाच बारी. आमच्या धंद्यातला माणूस बी पहिल्या झटक्यात चालवू शकला नसता. आता ऋषिराजचं बघितलंत न्हवं?

माधवी: आणि गिअर सरळ असता तर?

म्हस्कू: तर तुमी त्यास्नी घेऊन गेला असता. वाचले असते का, ते मी कोण सांगणार. पण घेऊन गेला असता.

माधवी: बरं केलंत, सांत्वन केलं नाहीत ते.

म्हस्कू: मला येत न्हाय ते.

माधवी: ते थांबू म्हणाले, ते माझ्या काळजीनं की मला कळेल या भीतीनं, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

म्हस्कू: न्हाय. पण येक सांगतो. गेल्या दसऱ्याला मी हार घेऊन गेलो हुतो, दर साली जातो तसा. साहेब बॉनेटवर हात ठेवून बसले हुते. म्हणले, म्हस्कू, ती लिव्हर सरळ करायला किती येळ लागंल रे? मी म्हणलं, अर्धा तास. आता करतो, पाना हाय संगं. मग म्हणले, असू दे, दिवाळीनंतर बघू.

माधवी: सोपानराव जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती?

म्हस्कू: बारा.

माधवी: तरीही.

म्हस्कू: तरी बी. मी तवा ऐकायला नको हुतं. गप खाली शिरून पालटायला पायजे हुती. ह्या तीन आठवड्यांत बी दोनदा पाना घेऊन खाली शिरलो. म्हणलं, गिऱ्हाईक यायच्या आत सरळ करावी, म्हंजे साहेबांचं झाकलं जाईल, भंडारा बी ऱ्हाईल. हात लागंना. त्यांची लिव्हर दिसायची आन परत भाईर यायचो.

माधवी: मला राग आलाय तात्या. तुमचाही. पण त्यांचा जास्त, आणि ते नाहीत.

म्हस्कू: माझा धरा. मी हाय.

माधवी: धरलाय. ऋषिराज येतायत बघा.

ऋषिराज: चहा आणलाय. गार झाला असेल, दोनदा येऊन परत गेलो. ताई, मी तिथं बसून विचार केला. वडिलांनीच बसवली असणार ना ती लिव्हर? मघाशी मी अडाणी म्हणालो, ते मागं घेतो.

माधवी: त्यांनीच. चुकून.

ऋषिराज: मग सरळ नको करायला. खरं सांगू का, आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातली माणसं अशा गोष्टीसाठी जीव टाकतात. घरी बसवलेली लिव्हर, उलटा गिअर. शेजारी एक छोटी पाटी लावू, वडिलांचं नाव घालून. येणारा प्रत्येक जण वाचेल.

माधवी: पाटी नको.

ऋषिराज: कौतुकानंच म्हणतोय मी.

माधवी: माहीत आहे मला. पण ज्या गोष्टीसाठी ते जन्मभर जपून राहिले ती लोकांनी उभं राहून वाचायची, हे मला करवणार नाही. आणि ती चूक जपून ठेवायची, हेही नाही. तात्या, सरळ करा.

म्हस्कू: आत्ता?

माधवी: आत्ता. अर्धा तास म्हणालात ना?

म्हस्कू: त्यांच्या हातची हाय. पिन ठोकून काढली की ती पहिल्यासारखी ऱ्हायची न्हाय.

माधवी: हात त्यांचा होता. गाडी आता माझी आहे. घाला जॅक.

म्हस्कू: बरं. ऋषिराज, ती फळी सरकवा जरा. हां. चौदाचा पाना द्या कुणीतरी.

माधवी: हा?

म्हस्कू: त्याच्या शेजारचा. आन बारकी हातोडी. साहेब, माफी असावी... सुटली. धरा ही, खाली पडू देऊ नका.

ऋषिराज: बघू. ताई, ही हातानं केलीय? कडा बघा. आजकाल मशिनवरही अशी निघत नाही. छत्तीस-सदतीस वर्षं झाली आणि भोक जरासुद्धा मोठं झालेलं नाही.

माधवी: माप अगदी बरोबर होतं त्यांचं.

ऋषिराज: माप बरोबरच आहे. फक्त बाजू बदलली.

म्हस्कू: आणा हिकडं. हीच पालथी घालतो, पिन पलीकडनं ठोकतो. नवी कशाला.

माधवी: हीच चालेल?

म्हस्कू: हीच चालंल. पयल्यापास्नं चालली असती.

ऋषिराज: ताई, मला वाटतंय मी आज रिकाम्या हातानं जाणार.

माधवी: हो. रागावू नका. तुम्हाला सकाळपासून अडकवून ठेवलं.

ऋषिराज: रागावत नाही. आजोबा म्हणायचे, फियाटवाल्यांशी व्यवहार करू नये, ती माणसं गाडी विकत नसतात, नुसती दाखवतात. पण कधी विकावीशी वाटली तर पहिला फोन मला.

माधवी: पहिला फोन तुम्हालाच. आणि तुमच्या अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर एकदा पुस्तक घेऊन बसायला येईन म्हणते.

ऋषिराज: कधीही या. पाय पसरून बसा. निघतो तात्या.

म्हस्कू: या. झालं माधवीताई. दोन पान्यांचं काम. छत्तीस वरसं.

माधवी: मागच्या रिकाम्या प्लॉटात कोणी असतं का?

म्हस्कू: कुणी न्हाय. शेरडं असत्यात दोन-चार, ती गाडी बघून उठत्यात. का? लायसन हाय का तुमचं?

माधवी: मुदत कधीच संपलीय. म्हणूनच प्लॉट विचारला. रस्त्याला नंतर, रीतसर शिकून.

म्हस्कू: मग बसा. सीट पुढं घ्या, साहेब उंच हुते. दांडी हलवून बघा आधी, गाडी बंद असतानाच. वडा आपल्याकडं. आता वर.

माधवी: गेली.

म्हस्कू: जाणारच. तुमी तशाच शिकलाय न्हवं? हात इसरला न्हाय.

माधवी: तात्या, तुम्ही शेजारी बसा. आणि माझं काही चुकलं तर तिथल्या तिथं सांगायचं.

म्हस्कू: सांगतो.

माधवी: कोणी बघत उभं असलं तरी.

म्हस्कू: कुणी बी उभं असू द्या.